टेलवाले नाना

आमच्या भागात सोयरीक जुळवताना मुलाचं शिक्षण, पगार, विहीर, गाई असं सगळं विचारून झालं की पाहुण्यांतला एखादा जाणता माणूस सुपारी कातरता कातरता सहज विचारल्यासारखं विचारतो, "रान हेडला का टेलला?" हेडला म्हटलं की पाहुणे मांडी सैल करतात. टेलला म्हटलं की मुलीचा मामा घड्याळाकडे बघतो.

आमचे नाना टेलचे. तेही साधेसुधे टेलचे नव्हेत. प्रवरेचा डावा पाट ओझरच्या बंधाऱ्यावर निघतो, संगमनेर, राहाता करत श्रीरामपूर तालुक्यात उतरतो. वाटेत त्याला फाटे फुटतात, फाट्यांना चाऱ्या, चाऱ्यांना पोटचाऱ्या. टाकळीभानच्या टेल टँकच्या अलीकडे अशाच एका पोटचारीच्या अगदी शेवटच्या दारावर नानांचं साडेतीन एकर रान आहे. त्यापुढे चारी नाही, नुसता बांध, आणि बांधापलीकडे बाभळी. "माझ्यापुढं पाण्याला जायला जागाच न्हाई," नाना सांगतात, "पर माझ्यापत्तुर यायला तर पायजे!"

टेलचा माणूस ओळखायला त्याचं रान बघावं लागत नाही. लग्नात पंगत बसली की तो वाढप्यांचा घोळका कुठून निघालाय ते आधी बघतो. नाना तर आचाऱ्याला जाऊन विचारतात, "बुंदी किती केली? माणसं किती? सुरुवात कुठून करणार?" आणि मग ज्या टोकाकडून वाढप सुरू होणार त्या टोकाला न बसता मुद्दाम दुसऱ्या टोकाला बसतात. का, तर सवय. मठ्ठा आपल्यापर्यंत येताना बादलीचा तळ खरवडल्याचा आवाज आला की त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान पसरतं. बघा, म्हणालो नव्हतो?

त्यांचं आवडतं वाक्य एकच, "वर कोण खातंय?" मूळ वाक्य पाटाच्या पाण्याबद्दलचं. पण नाना ते कुठेही वापरतात. नळाला धार बारीक आली, गॅसची टाकी उशिरा मिळाली, पेन्शनवाल्यांच्या रांगेत खिडकी बंद झाली, दूरदर्शनवरचं चित्र थरथरलं, तरी नाना मान वर करून विचारतात, "वर कोण खातंय?" एकदा नातवाचा मोबाइल हळू चालत होता. नेटवर्क म्हणजे काय ते नातवानं समजावून सांगितलं. टॉवर कुठं, आपण कुठं, मधे किती माणसं. नाना ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे आपुन हितंबी टेललाच की!"

पावसाळ्यात नानांची सकाळ पेपरच्या एका चौकटीपासून सुरू होते. घाटघर किती, रतनवाडी किती, पांजरे किती, भंडारदरा किती. मिलिमीटरमधले ते आकडे नाना मोठ्यानं वाचतात आणि नानी चुलीपुढून हुंकार भरतात. सोन्याचा भाव नानींना विचारावा, रतनवाडीचा पाऊस नानांना. भंडारदऱ्याची क्षमता 11,039 दशलक्ष घनफूट आहे, निळवंड्याची 8,320 आणि पलीकडे मुळेची 26,000, हे त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र नानींना विचारून सांगतात. भंडारदरा पंधरा ऑगस्टच्या आसपास भरलं पाहिजे, असा आमच्याकडे अलिखित दंडक आहे. झेंडावंदनाला नाना जातात ते राष्ट्रगीत म्हणायला आणि सरपंचाकडून धरणाची टक्केवारी काढायला. धरण भरलं की शाळेत वाटलेल्या गोळ्यांतली एक खिशात घालून आणतात आणि नानींच्या हातावर ठेवतात, "भरलं बरं का."

हे धरण 1926 सालचं, इंग्रजांच्या काळातलं. विल्सन गव्हर्नरचं नाव त्याला दिलेलं. नाना विल्सनबद्दल घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. "इल्सननं धरान बांधलं. इश्वेश्वरय्यानं पानी कसं वाटायचं ते शिकवलं." विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यातल्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत आणली हे खरंच आहे, पण नाना ती पद्धत त्यांनी टेलवाल्यांची दया येऊन आणली असं ठासून सांगतात. मी पुरावा मागत नाही. देवाबद्दल कोणी पुरावा मागतं का?

कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की आवर्तन जाहीर होतं आणि नानांच्या अंगात येतं. पाणी मागायचा सात नंबर फॉर्म. मागच्या पाणीपट्टीची पावती. थकबाकी नाही याची खात्री. हे सगळं एका जुन्या खताच्या पिशवीत, पिशवी खुंटीला, आणि खुंटीला दुसरं काही टांगायची घरात कोणाला परवानगी नाही. फॉर्म भरायला नाना पहिल्या दिवशी पहिल्या नंबरला जातात. पाणी शेवटी येणार हे ठाऊक असलेला माणूस कागद तरी पहिला देतो.

मग पाटाची दारं सोडणारा पाटकरी. पाटकऱ्याला चहा पाजल्याशिवाय आपल्या बांधावरून जाऊ द्यायचं नाही, हा नानांचा कडक नियम. पाटकरी बदलले, सायकलीच्या मोटरसायकली झाल्या, एकेका पाटकऱ्याकडे चार-चार जणांचं काम आलं, पण नानांचा चहा चालू आहे. चहा गवती चहाची पात आणि आलं घातलेला, वाफाळता आणि पितळी कानाच्या कपात. बशी नाही. बशीत ओतलं की चहा लवकर संपतो आणि पाटकरी लवकर उठतो, हे नानांनी अनुभवातून ठरवलंय. चहा संपेपर्यंत विषय एकच. वरच्या दाराची चावी कोणाकडे आहे? ती लोखंडी चावी म्हणजे नानांच्या दृष्टीनं जिल्ह्यातली सगळ्यात मोठी सत्ता. कलेक्टरचा शिक्का आणि पाटकऱ्याची चावी यांतून एक घ्यायला सांगितलं तर नाना विचार न करता चावी घेतील.

आवर्तनाची रात्र मी नानांबरोबर काढली आहे, आणि ती रात्र बघितल्याशिवाय या माणसाची चेष्टा करू नये. शेजपाळीच्या कागदावर रात्री दोनची वेळ असते, पण पाणी कागद वाचून येत नाही. नाना अकरालाच चारीवर. डोक्याला मफलर, हातात फावडं, कमरेला बॅटरी, पायांत मुलानं आणलेले गमबूट, पण एकच घातलेला, कारण दुसऱ्यात उंदरानं पिलं घातलीत आणि नाना त्यांना हलवत नाहीत. चारी कोरडी, भेगाळलेली, तळाला शेवाळाचा वाळलेला पापुद्रा. नाना बॅटरी लावत नाहीत. कान लावतात. आधी बेडकं गप्प होतात. मग दूर कुठंतरी वाळल्या पानांवरून कोणी हळू चालतंय असा आवाज येतो. मग एक तपकिरी फेसाळ जीभ चारीच्या तळातून पुढं सरकताना दिसते. पाण्याच्या आधी फेस, फेसाच्या आधी काटक्या, नारळाची करवंटी, प्लॅस्टिकची बाटली, कुणाची तरी एका पायाची चप्पल, आणि या सगळ्याच्या पुढं जीव घेऊन पळणारे किडे. पाणी भेगांत शिरतं तेव्हा बुडबुडे फुटतात आणि जमीन घोट घेतल्यासारखा आवाज करते. नाना वाकून त्या पहिल्या घाण पाण्यात बोटं बुडवतात आणि कपाळाला लावतात. मग लगेच सरळ होऊन पातळी बघतात आणि म्हणतात, "निम्मंच आलंय. वर कोण खातंय?"

वर खाणारे असतातच. पाटाच्या भरावावरून डोंगळे टाकलेले असतात. काळ्या पाइपचं एक टोक पाटात, दुसरं रानात, आणि पाणी गपचूप वळणं घेत जातं. पथक येतं, डोंगळे काढतं, पेपरात फोटो येतो, पथक गेलं की डोंगळे परत पाण्यात. नाना डोंगळेवाल्यांना अशा शिव्या देतात की त्या इथं लिहिता येत नाहीत. पण एका उन्हाळ्यात घासाचे वाफे जळायला आले होते, तेव्हा शेजारच्या दाराखाली मातीनं भरलेलं एक पोतं कसं काय जाऊन बसलं आणि पाणी दोन तास नानांकडे कसं वळलं, हे कोडं गावात अजून सुटलेलं नाही. मी विचारलं तर नाना म्हणाले, "ते वेगळं."

"ते वेगळं" हे त्यांचं दुसरं वाक्य. पहिल्या वाक्यानं दुनियेचा हिशोब मांडायचा, दुसऱ्यानं स्वतःचा पुसायचा. जायकवाडीच्या वेळी हे फार चालतं. 15 ऑक्टोबरला जायकवाडीच्या नाथसागरात 65 टक्क्यांपेक्षा कमी पाणी असलं तर वरच्या धरणांतून खाली सोडायचं, असा समन्यायी वाटपाचा हिशोब आहे. तो विषय निघाला की नाना मोर्चात पहिल्या रांगेत. "आमच्या हक्काचं पानी!" मी एकदा हळूच म्हटलं, "नाना, पण पैठणच्या माणसाच्या हिशोबानं आपण हेडला ना? तो तिकडं टेलला बसून म्हणत असेल, वर कोण खातंय." नाना बराच वेळ बोलले नाहीत. बिडी विझली. पुन्हा पेटवली. "ते वेगळं," म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. पुढं कधीतरी पैठणहून आलेल्या एका वारकऱ्याला त्यांनी जेवायला बसवलं आणि पुरणपोळीवर तूप जरा जास्तच वाढलं. त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, मला सांगता येणार नाही.

निळवंड्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण 26 ऑक्टोबर 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. पन्नासेक वर्षं कागदावर वाहणारं पाणी जिरायती गावांकडे निघालं. नानांची लेक त्याच पट्ट्यात दिलेली. तिच्या रानात पाणी येणार म्हणून नानांनी गल्लीत पेढे वाटले. पेढा हातावर ठेवताना मात्र प्रत्येकाला विचारत होते, "पर ह्ये पानी कुनाच्या वाट्याचं गेलं?"

त्यांचे कर्जतचे व्याही कुकडीच्या डाव्या कालव्यावरचे. तो कालवा जुन्नर तालुक्यातल्या येडगावातून निघतो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असा लोळत करमाळ्याकडे जातो. दोन व्याही भेटले की हाल कोणाचे जास्त यावर चढाओढ लागते. "आमच्याकडं पानी येईपत्तुर बातमी जुनी हुती," व्याही म्हणतात. "आमच्याकडं बातमीबी येत न्हाई," नाना म्हणतात. एकदा त्या बैठकीत करमाळ्याचा एक पाहुणा कोपऱ्यात बसून गपचूप पोहे खात होता. त्यानं शेवटचा घास गिळून नुसतं विचारलं, "तुमच्याकडं येतंय म्हंता?" त्यानंतर दोन्ही व्याह्यांनी कांद्याच्या भावावर बोलायला सुरुवात केली.

अशा माणसाला थोरल्या मुलानं इंग्लंडला नेलं.

मुलगा तिकडं नोकरीला. आईबापांना राजवाडा, घड्याळ, पूल सगळं दाखवून झालं. नाना सगळीकडे जांभया देत होते. थेम्स बघून फक्त "बारमाही दिसतीया" एवढंच म्हणाले. शेवटी सुनेच्या डोक्यात आलं की यांना पाटावर न्यावं. तिकडं जुन्या कालव्यांवर लांबट होड्या भाड्यानं मिळतात. रुंदीला जेमतेम सात फूट, लांबीला साठ-सत्तर फुटांपर्यंत, आत चूल, खाटा, मोरी सगळं. लोक आठवडा आठवडा त्यात राहतात. वेग ताशी चार मैल, त्याच्यावर न्यायची परवानगी नाही. त्यांनी होडी घेतली ती लँगॉलेन कालव्यावर, इंग्लंडमधून वेल्सकडे जाणाऱ्या.

इथून पुढची हकिकत मला दोघांकडून मिळाली, मुलाकडून आणि नानांकडून, आणि दोन्हींत होडी एवढीच गोष्ट समान आहे.

मुलगा म्हणतो, नाना होडीत बसलेच नाहीत. काठाच्या पायवाटेनं चालत राहिले. होडी इतकी हळू की नाना पुढं जाऊन थांबायचे, भराव तपासायचे, कुठं पाझर दिसला की बूट रुतवून बघायचे आणि होडी आली की सुकाणूवरच्या मुलाला ओरडून सांगायचे, "हितं गळतंय!" नाना म्हणतात, पाटात बसून जाणारा माणूस साहेब असतो, आणि साहेबाला पाट कधी कळत नाही.

पहिलं लॉक आलं हर्ल्स्टनला. तिथं ओळीनं चार आहेत. कालवा चढावर न्यायचा तर पाणी चढत नाही, म्हणून होडीच चढवायची. दोन दरवाज्यांमधल्या दगडी खोलीत होडी घ्यायची, मागचे दरवाजे लांब लाकडी दांड्यांना पाठ लावून रेटत बंद करायचे, आणि पुढच्या दाराच्या झडपा उचलायच्या. झडप उचलायला एक वाकडी लोखंडी चावी. ती दात्यांच्या दांड्यावर बसवून फिरवली की खटक खटक करत झडप वर येते, पाणी उसळून आत शिरतं आणि होडी गुमान वर येते. दोन्हीकडची पातळी एक होत नाही तोवर चार गड्यांनी रेटला तरी दरवाजा हलत नाही. पातळी एक झाली की नानींनी नुसता हात लावला आणि उघडला.

मुलानं ती चावी नानांच्या हातात दिली.

सूनबाईनं तेव्हा काढलेला फोटो मी पाहिलाय. अंगात मुलाचा स्वेटर, डोक्यावर गांधी टोपी, दोन्ही हातांनी चावी छातीशी धरलेली, आणि चेहऱ्यावर असा भाव की मुलाच्या लग्नातसुद्धा नव्हता. पुढचा आठवडा ती चावी नानांनी कोणाला दिली नाही. झोपतानाही उशाखाली. "चावी हातातनं सोडायची न्हाई. दांड्यावर ठिवली आन् झडप सुटली तर चावी फिरून हात मोडती," हे त्यांना होडीवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नानांना तेवढं कारण पुरलं.

पण त्यांची झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीनं. ही चावी तिकडं दुकानात विकत मिळते. कोणीही घ्यावी, कोणीही दार उघडावं. पाटकरी नाही, चौकीदार नाही, शिक्का नाही. "आन् कुनी रातचं येऊन उचलत न्हाई?" नानांनी मुलाला तीन वेळा विचारलं. मुलगा म्हणाला, पाणी चोरून करणार काय, पाऊसच एवढा पडतो. नाना गप्प बसले. मला मात्र म्हणाले, "त्येला काय कळतंय. शिकलाय नुस्ता."

नानांचा हिशोब होडीतही सुटला नाही. एक क्युसेक पाणी तासभर चाललं की लाख लिटर, आणि लाख लिटर म्हणजे एका एकरावर एक इंच, हे त्यांचं पाढ्यासारखं पाठ. तिथल्या एका अरुंद लॉकला एका वेळी सुमारे 25 हजार गॅलन, म्हणजे लाखाच्या वर लिटर पाणी खाली जातं. तीन होड्या चढल्या की नानांचा एक एकर तीन इंच भिजला! त्यानंतर प्रत्येक लॉकला नाना समोरून दुसरी होडी येते का ते बघायचे. वरची होडी खाली उतरवली की तीच खोली आपल्याला चढायला तयार मिळते, पाणी दोनदा जात नाही. शहाणे होडीवाले तसं करतातच. नाना मात्र अर्धा-अर्धा तास वाट बघायला लावायचे. मुलगा चिडायचा, "नाना, सुट्टी संपेल." नाना म्हणायचे, "पाळी म्हंजी पाळी."

ग्रिंडली ब्रूकला लॉकचा जिनाच आहे. तीन खोल्या एकीला एक लागून, मधे श्वास घ्यायला जागा नाही. तिथं क्रम चुकला तर घोटाळा होतो, म्हणून देखरेखीला माणूस असतो. कोणती होडी आधी चढणार, कोणती उतरणार, हे तो ठरवतो. नानांनी त्याला लांबूनच ओळखलं. "पाटकरी!" मुलगा सांगतो की नाना तसेच होडीत शिरले, नानींना उठवलं आणि आल्याचा चहा टाकायला लावला. बाहेर तीन होड्या खोळंबलेल्या. नाना स्टीलच्या पेल्यात वाफाळता चहा घेऊन गेले आणि त्या गोऱ्या माणसापुढे धरला. त्यानं आधी मुलाकडे पाहिलं, मग नानांकडे, मग पेला दोन्ही हातांनी घेतला. तोंड पोळलं असणार. पण प्यायला. नाना शेजारी उभे राहून मराठीत पाण्याची चौकशी करत होते आणि तो इंग्रजीत उत्तरं देत होता. मुलानं मधे पडून दुभाष्याचं काम करायचा प्रयत्न केला तर नानांनी त्याला हातानंच गप्प केलं. त्या दिवशी आपली होडी आधी सोडली असं नाना सांगतात. मुलगा म्हणतो, नंबरच त्यांचा होता.

पॉन्टकसिल्तेचा जलसेतू लागला तेव्हा होडीतले सगळे डोळे मिटून बसले. 1805 साली बांधलेला, दरीत खाली डी नदी, नदीपासून 126 फुटांवर दगडी खांबांवरून लोखंडी पन्हळ, आणि एका बाजूला कठडाच नाही. होडीच्या खिडकीतून बघितलं तर खाली नुसती हवा. नानी रामरक्षा म्हणत होत्या. नाना पालथे पडून पन्हळीच्या सांध्यात गळती शोधत होते. सांधे फ्लॅनेलच्या कापडाला साखरेचा पाक लावून आणि वर शिसं भरून बंद केले होते, असं तिथं सांगतात. नानांनी ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. ऊस उत्पादक माणूस तो, प्रवरानगरचा कारखाना 1950 साली निघाला तेव्हापासूनची साखरेची सगळी कर्मकहाणी बापाकडून ऐकलेला. "आमाला भाव द्याया पैसं न्हाईत आन् हे पुलाला पाक लावत्यात!"

शेवट लँगॉलेनला झाला. तिथून पुढं होडी जात नाही, नाना चालत गेले. नदीवर अर्धवर्तुळाकार बुटका बांध आहे, त्यावरून पाणी पातळ पडद्यासारखं सांडतं आणि कडेनं कालव्यात वळतं. शेजारी पाणी मोजायची खोली. नानांना तिथं ओझर दिसलं. ते मटकन खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते टेलपासून निघून हेडला पोचले होते, तेही कोणाशी भांडण न करता. दिवसाला सुमारे 1 कोटी 20 लाख गॅलन पाणी इथून आत जातं आणि कालव्याच्या दुसऱ्या टोकाला हर्ल्स्टनच्या तळ्यात पिण्यासाठी साठतं, हे मुलानं वाचून सांगितलं. नानांनी बोटांवर गणित केलं. "बावीस क्युसेक! आन् टेलला तळं भरतंय!" मग बराच वेळ थांबून, "वर कोनीच खात न्हाई?"

मुलानं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिथंच घोळ झाला. हा कालवा 1944 साली कायद्यानं मोडीत निघाला होता. मालाच्या होड्या संपल्या होत्या. पण त्यातून पिण्याचं पाणी जातं म्हणून तो बुजवला नाही, वाहता ठेवला, आणि पुढं हौशी लोकांच्या होड्या आल्या. पाण्यानं होड्या वाचवल्या. नाना परतीच्या विमानात झोपले नाहीत. मुंबईपासून श्रीरामपूरपर्यंत गाडीत बोलले नाहीत. घरी आल्यावर हातपाय धुतले आणि मला निरोप धाडला, कागद-पेन घेऊन ये.

"लिही," नाना म्हणाले. "प्रति, माननीय कार्यकारी अभियंतासाहेब. विषय, डाव्या पाटात होड्या चालू करन्याबाबत."

मी वर बघितलं.

"तिकडं पान्यामुळं होड्या वाचल्या. हितं होड्यांमुळं पानी वाचंल. होडी कोरड्या पाटात चालती का? न्हाई. मग पाट बारमाही भरून ठिवावा लागंल. तळापत्तुर न्हाई, चांगला कमरेइतका. आन् डोंगळा टाकला तर होडीला आडवा यील. सरकारच काढील."

मी शंका काढल्या. पाटावरचे पूल बुटके आहेत, होडीतल्या माणसाची टोपी उडेल. "टोपी काढून बसंल." जागोजाग फॉल आहेत, पाणी उडी मारतं. "तितं लॉक बांधायची. मी दाखवतो कशी." आपल्याकडे पाटाच्या पाण्यात कपडे धुतात, म्हशी बसतात. "म्हशी बघायलाच येत्यात लोक." पैसे कोण देणार? नानांनी याचं उत्तर न देता नानींना चहा टाकायला सांगितला.

नानी चहा घेऊन आल्या आणि सगळं ऐकून म्हणाल्या, "पर त्या होडीत बसनार कोन, ते तरी सांगा."

"कुनी बसू, न बसू," नाना म्हणाले. "पानी तर यील." मग माझ्या हातातला कागद वाचून बघितला, मान हलवली आणि तळाशी एक ओळ वाढवायला लावली: सदर होडी टेलकडून सोडावी, ही विनंती.